निफाडचा किमान पारा छापता, तसा दुपारचाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निफाडचा पारा घसरला की सगळ्याच दैनिकांत ठळक बातमी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा, शेकोटीभोवतीचे छायाचित्र आणि ‘द्राक्ष बागायतदार धास्तावले’ ही ठरलेली ओळ. धास्तावले कशाने, ते बहुधा लिहिलेले नसते. लिहिलेच तर मणी तडकण्यापुरते. पण थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या पांढऱ्या वाणांत याच दिवसांत पिंक बेरी (हिरव्या मण्यांना गुलाबी झाक येण्याची विकृती) येते, आणि तिचा अंदाज एकट्या किमान तापमानावरून बांधता येत नाही. रात्र दहा अंशांच्या खाली आणि त्याच दिवशी दुपार तिशीच्या घरात, अशी जोडी जमली की धोका वाढतो. रात्र नऊ आणि दिवस ढगाळ, चोवीस-पंचवीसचा, तर तेवढा नाही. बातमीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले तर बागायतदाराला त्यावरून त्याच दिवशी निर्णय घेता येईल.

हिरव्या मण्याला गुलाबी झाक येतेच कशी, याबद्दल दुकानांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून काहीबाही सांगितले जाते. ‘वाणात भेसळ आहे’ हे त्यातले सगळ्यात आवडते. तसे काही नसते. द्राक्षाचा रंग गरात नसतो, सालीच्या बाहेरच्या मोजक्या थरांत असतो. त्या रंगद्रव्याचे नाव अँथोसायनिन. ते तयार करणाऱ्या साखळीतली बहुतेक जनुके पांढऱ्या वाणातही शाबूत असतात. ऑस्ट्रेलियात शिराझ द्राक्षावर झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले, की या साखळीतली बरीच जनुके फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत चालू असतात, मग मंदावतात आणि मणी मऊ पडू लागल्यावर पुन्हा उठतात. शेवटच्या टप्प्याचे यूएफजीटी हे जनुक मात्र तेव्हाच, पहिल्यांदा जागे होते. ते जागे झाल्याशिवाय रंग नाही.

त्याला जागे करणारी जनुके वेगळी. वेलीच्या दुसऱ्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असलेली एमवायबीए-१ आणि एमवायबीए-२. पांढऱ्या वाणांत यातल्या पहिल्याच्या सुरुवातीला डीएनएचा एक फिरता तुकडा घुसून बसला आहे, हे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. दुसऱ्यातही बिघाड आहे, हे ऑस्ट्रेलियातून २००७ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे टोळी हजर आहे, मुकादम गैरहजर. तो तुकडा बहुतांशी निघून गेला की रंग परत येतो. ‘इटालिया’ या पांढऱ्या वाणापासून ब्राझीलमध्ये निघालेला लाल ‘रुबी ओकुयामा’ हे त्याचे ठळक उदाहरण. आपल्या पिंक बेरीत वाण असा कायमचा बदलत नाही. थंडी आणि प्रकाश रंगद्रव्याच्या याच साखळीला चालना देतात, त्यातून किंचित रंगद्रव्य साठते. पण निर्यातदाराला नापसंतीसाठी तेवढी झाक पुरते. पुढच्या हंगामात त्याच वेलीवर हिरवा माल येऊ शकतो. वेल काढून टाकायचे काही कारण नाही.

आता कागदाचे. पिंक बेरीवर घडाला पेपर लावणे, म्हणजे घड कागदात गुंडाळून प्रकाश अडवणे, हा उपाय बरोबर आहे, चूक असते ती वेळेत. ‘छाटणीनंतर अमुक दिवसांनी पेपर लावा’ असा सल्ला छापून येतो, त्यावर आमचा आक्षेप आहे. दहा ऑक्टोबरची छाटणी घेतली तर साधारण ऐंशी ते नव्वद दिवसांनी मण्यात पाणी उतरू लागते (मणी मऊ पडू लागतात), म्हणजे नेमके नाताळ ते जानेवारीचा पहिला पंधरवडा. पण थंडीने वाढ अडखळली तर हाच टप्पा आठवडाभर पुढे जातो, आणि एकाच बागेत वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे घडही सारखे चालत नाहीत. दिवस मोजण्यापेक्षा मणी दाबून पाहावेत. प्लॉटभर विखुरलेल्या वीस वेली घ्याव्यात, प्रत्येकीच्या घडाच्या खांद्यावरून, मधून आणि शेंड्याकडून मिळून पाच मणी. या शंभरांत पाच-सात मणी बोटाला मऊ लागले, की त्याच आठवड्यात पेपर लागला पाहिजे. गुलाबी झाक दिसल्यावर लावलेला पेपर पुढचे मणी वाचवतो, रंगलेला मणी पुन्हा हिरवा होत नाही. मजुरीचा पैसा सर्वाधिक इथेच वाया जातो.

लावण्याआधी मिलीबग (पिठ्या ढेकूण) आणि भुरी हा बुरशीजन्य रोग तपासावा. आत कीड ठेवून घड गुंडाळला तर ती सुखाने वाढते आणि तोडणीलाच कळते. फवारणी घेतली असेल तर घड पूर्ण सुकू द्यावेत. पेपर घडाभोवती सैल फिरवून वर देठाजवळ पिन मारावी, खालचे तोंड उघडे ठेवावे. हवा खेळली नाही तर आत दमटपणा साचतो. अवकाळी पाऊस झाला तर भिजून मण्याला चिकटलेला कागद त्याच दिवशी काढावा. (या कामात वृत्तपत्रांची रद्दी सर्रास वापरली जाते, त्यात आपलाही अंक असतो. निर्यातीच्या घडाला छापील शाई टेकवू नये, कोरा कागद घ्यावा. आपल्या खपाचे थोडे नुकसान होईल, त्याला इलाज नाही.)

काळ्या आणि लाल वाणांची तक्रार याच्या उलट: रंग येत नाही किंवा अर्धा येतो. कारण मात्र त्याच साखळीत आहे. जपानमध्ये कॅबर्नेट सोव्हिन्याँवर केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कमाल तापमान ३५ अंश ठेवलेल्या मण्यांत २५ अंशांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी अँथोसायनिन भरले. उष्णतेने ते कमी बनते आणि बनलेलेही मोडते. उशिरा छाटलेल्या शरद सीडलेस या काळ्या वाणात पाणी उतरायला फेब्रुवारी अखेर उजाडली, तर कोणतीही बाटली ती उणीव भरून काढत नाही. पोटॅशची फवारणी ‘कलरसाठी’ म्हणून खपवली जाते. पानदेठ परीक्षणात कमतरता असेल तर पोटॅश द्यावेच, पण यूएफजीटीला जागे करणे त्याचे काम नव्हे. मणी फुगवायला सीपीपीयू या संजीवकाचा हात सढळ झाला असेल तर रंग हमखास रखडतो. घडांचा बोजाही पाहावा. नऊ बाय पाच फुटांवर एकरी साधारण ९६८ वेली बसतात. वेलीला ३० घड, घड ३५० ग्रॅमचा धरला तरी दहा टन होतात. त्याहून जास्त धरून पुन्हा एकसारख्या काळ्या रंगाची अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. उलट पाणी उतरल्यानंतर ठिबकची मात्रा थोडी आवरली तर रंगाची जनुके लवकर आणि जोमाने चालतात. वेल कोमेजेपर्यंत ताण देऊ नये, एवढे भान हवे.

पाणी उतरताना मण्यातले अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक आपोआप वाढते. बाहेरून त्याची किंवा इथेफॉनची (इथिलीन वायू सोडणाऱ्या औषधाची) फवारणी घेतात ती या कामाला जोर देण्यासाठी, म्हणून ती शंभरांतले पाच ते पंधरा मणी रंगू लागल्यावरच. आधी घेतली तर मणी मऊ पडतो आणि रंग तसाच. इथेफॉनची दुसरी गफलत टाकीत होते. आपल्या विहिरींचे पाणी जड, सामू (पीएच) आठच्या आसपास. द्रावणाचा सामू चार-पाचच्या वर राहिला की इथेफॉन फुटून इथिलीन टाकीतूनच उडून जाते. पाणी आधी आम्लधर्मी करावे, औषध घातल्यावर सामूची पट्टी पुन्हा बुडवून पाहावी, कॅल्शियम किंवा इतर काही मिसळू नये, तयार द्रावण लगेच संपवावे. ३९ टक्क्यांचे इथेफॉन असेल तर लिटरला अर्धा मिली म्हणजे २०० पीपीएमच्या आसपास होते. रंग आला नाही म्हणून दुप्पट मात्रा मारणाऱ्यांकडे मणीगळ होते. लेबल आणि निर्यात देशाची उर्वरित अंशाची मर्यादा फवारणीआधी पाहावी, कंटेनर भरल्यावर नव्हे.

आपल्या कृषी पानावर डिसेंबर ते फेब्रुवारी रोज एक छोटी चौकट द्यावी: निफाड, दिंडोरी, तासगाव, पंढरपूर, नारायणगाव यांचे किमान, कमाल आणि दोन्हींतला फरक. चार ओळींची जागा लागेल. सल्ले छापताना छाटणीपासूनच्या दिवसांसोबत ‘शंभर मण्यांत इतके मऊ’ हे मापही द्यावे.

आपले,
द्राक्षबागांना सल्ला देणारे काही कृषी पदवीधर
ता. निफाड, जि. नाशिक