झेंडा पनामाचा, हद्द कुणाची?

महोदय,

धाकटा भाऊ मालवाहू जहाजावरून बेपत्ता झाला, त्याला आठ महिने झाले. जहाज परदेशी बंदराबाहेर नांगरलेलं, झेंडा पनामाचा, म्हणजे नोंदणी तिथली, मालक तिसऱ्याच देशातला. गावचे पोलीस म्हणतात, आमची हद्द नाही. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. भावाची बॅग मात्र कुरिअरने घरी आली. आत आईने दिलेली आमसुलं तशीच. पुडीचा दोरादेखील सुटलेला नाही. ती पुडी आई कुणाला उचलू देत नाही.

इराकमधल्या मोसुलला २०१४ साली बेपत्ता झालेले ३९ भारतीय मारले गेल्याचं कळायला २०१८ उजाडलं, तेही डीएनए जुळवून. आमचा डीएनए अजून कुणी मागितलेलाच नाही. सरकारने अशा घरांसाठी एक तरी अधिकारी नेमावा, फोन उचलणारा.

- एक वाचक, गुहागर