नॅसचे फर्मवेअर ‘चालतंय की’ म्हणून सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात सीएचे ऑफिस असो, फोटो स्टुडिओ असो किंवा शिरोली, गोकुळ शिरगावचा कारखाना, राउटरशेजारी एक छोटा काळा डबा चोवीस तास चालू दिसतो. आत दोन हार्डडिस्क, त्यांवर टॅलीचा डेटा, लग्नांचे फोटो, कास्टिंगची ड्रॉइंग्ज. हा नॅस (नेटवर्कला जोडलेले साठवण-यंत्र) म्हणजे फायली ठेवायचे कपाट, अशी समजूत झाली आहे. प्रत्यक्षात तो लिनक्सवर चालणारा पूर्ण संगणक असतो. तरीही बसवल्या दिवसापासून त्याच्या फर्मवेअरला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरला, कुणी हात लावलेला नसतो. विचारले की उत्तर एकच, ‘चालतंय की!’

हे ‘चालतंय’ किती महागात पडते, याची उदाहरणे जगजाहीर आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर सिनोलॉकर या खंडणी-व्हायरसचा (फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या) हल्ला झाला. ज्या त्रुटीतून तो शिरला ती कंपनीने डिसेंबर २०१३ मध्येच दुरुस्त केली होती. आठ महिने अपडेट पडून राहिले आणि ज्यांनी ते घातले नव्हते त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणी-व्हायरसांनी क्यूनॅप कंपनीची यंत्रे गाठली. जून २०२१ मध्ये तर वेस्टर्न डिजिटलची जुनी माय बुक लाइव्ह यंत्रे इंटरनेटवरून परस्पर कोरी केली गेली. त्या मॉडेलचे अपडेट २०१५ पासूनच बंद होते.

म्हणून अपडेट करायचेच. पण मागचापुढचा विचार न करता बटण दाबायचे नाही. आधी बॅकअप. दोन डिस्क रेड-१ मध्ये (दोन्हींवर एकच मजकूर लिहिणाऱ्या रचनेत) आहेत म्हणजे बॅकअप आहे, हा सर्वांत घातक गैरसमज. रेडमुळे एक डिस्क मेली तरी काम चालते, इतकेच. फाइल पुसली किंवा व्हायरसने कुलूप लावले, तर तेच त्या क्षणी दुसऱ्या डिस्कवरही उमटते. वेगळ्या यूएसबी हार्डडिस्कवर पूर्ण प्रत घ्या, दोन-चार फायली उघडून बघा आणि ती डिस्क काढून ठेवा. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत तळमजल्यावर ऑफिस असेल तर ती प्रत वरच्या मजल्यावर किंवा घरी न्या. २०१९ चा महापूर आपण विसरलेलो नाही. नॅसच्या सेटिंग्जची फाइलही वेगळी उतरवून घ्यावी.

मग डिस्कची तब्येत. स्टोरेजच्या पानावर ‘डिग्रेडेड’ (रेडमधली एक डिस्क बाद) दिसत असेल किंवा स्मार्ट चाचणीत (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत) खराब सेक्टर वाढताना दिसत असतील, तर आधी डिस्क बदला, रेड पूर्ण जुळू द्या, अपडेट त्यानंतर. रीस्टार्टच्या वेळी अधू डिस्क मान टाकते आणि दोष अपडेटवर येतो.

तिसरी गोष्ट वीज. दोन डिस्कचा नॅस आणि राउटर मिळून साधारण ३०-४० वॅट घेतात. ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. पण बॅटरी जिवंत आहे का, हे आदल्या दिवशी नॅस नीट बंद करून, यूपीएसला एक बल्ब लावून आणि प्लग काढून तपासा. दोन-तीन वर्षांची बॅटरी पुष्कळदा मिनिटभरही धरत नाही. वळवाच्या पावसात लाइट मिचमिचत असताना हे काम काढू नये. महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवल्याचा दिवसही टाळावा.

फाइल कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. मॉडेल यंत्राच्या तळाच्या स्टिकरवरून अक्षर न् अक्षर जुळवा. सिनॉलॉजीची डीएस २१८, २१८ जे, २१८ प्ले आणि २१८ प्लस ही चार वेगवेगळी यंत्रे आहेत. ‘रिलीज नोट्स’ शेवटपर्यंत वाचा, कारण काय बंद होणार ते तिथेच लिहिलेले असते. सिनॉलॉजीच्या डीएसएम ७ या फर्मवेअरमध्ये जुने फोटो स्टेशन हे अॅप गेले, ७.२.२ मध्ये व्हिडिओ स्टेशन गेले, आणि मागच्या आवृत्तीवर परतण्याची अधिकृत सोय नाही. सुरक्षेची दुरुस्ती लगेच घाला. पहिला आकडा बदलणारी मोठी आवृत्ती असेल तर काही आठवडे थांबायला हरकत नाही.

प्रत्यक्ष काम संध्याकाळी, सगळ्या संगणकांवरची टॅली बंद करून. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टॅली उघडी असताना नॅस रीस्टार्ट झाला तर डेटा बिघडू शकतो. लॅपटॉप वायफायवर नको, केबलने जोडा. सुरुवात झाली की दिवा लुकलुकतो, पान उघडत नाही, दहा-वीस मिनिटे काहीच घडत नाहीसे वाटते. नेमके याच वेळी कुणीतरी पॉवरचे बटण दाबून धरतो आणि यंत्र अर्धवट फर्मवेअरवर अडकते. तासभर तरी हात लावू नका.

अडकलेच, तरी डिस्कवरचा डेटा सहसा शाबूत असतो. तो घालवतो आपला उतावीळपणा. डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला लावली की विंडोजला त्यावरची ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस रचना वाचता येत नाही आणि ते ‘फॉरमॅट करू का?’ विचारते. तिथे ‘हो’ म्हटले की खेळ संपला. डिस्क काढावीच लागली तर कोणती कोणत्या खाचेतली, ते आधी मार्करने लिहा.

आता उद्यमनगरात हमखास येणारी अडचण. अपडेट सुरळीत होते आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्स मशीनवरून फोल्डरमध्ये स्कॅन जात नाही, सीएनसीशेजारच्या विंडोज एक्सपीला ड्रॉइंग सापडत नाही. नॅस बिघडलेला नसतो. नव्या फर्मवेअरमध्ये एसएमबी-१ ही फायलींच्या देवाणघेवाणीची जुनी भाषा बंद केलेली असते आणि एक्सपीला तेवढीच येते. बहुतेक जण सेटिंगमध्ये जाऊन एसएमबी-१ पुन्हा चालू करतात. तसे करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी-व्हायरस याच दारातून पसरला होता. स्कॅनरचे स्वतःचे फर्मवेअर नवे करा किंवा स्कॅन ईमेलवर पाठवा. एक्सपीच्या मशीनला ड्रॉइंग त्याच कामासाठी ठेवलेल्या पेनड्राइव्हने द्या. थोडी पायपीट होईल, पण सगळा नॅस उघडा पडणार नाही.

काम झाल्यावर राउटरमधले यूपीएनपी (यंत्रांना बाहेरची वाट आपोआप उघडून देणारी सोय) आणि इंटरनेटवरून नॅसकडे वळवलेले पोर्ट बंद करा, ‘अॅडमिन’ हे मूळ खाते निष्क्रिय करून वेगळ्या नावाचे करा, दोन टप्प्यांचे लॉगिन लावा. ज्या मॉडेलला अपडेट येणेच थांबले आहे, त्याचे इंटरनेट राउटरमधूनच तोडा आणि ते फक्त ऑफिसच्या आत वापरा.

नॅस विकणाऱ्या व एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेणाऱ्या व्यावसायिकांना कळकळीची विनंती आहे. वार्षिक करारात ‘सर्व्हिस’ एवढेच मोघम न लिहिता दर तीन महिन्यांनी फर्मवेअर तपासणे, हा स्वतंत्र मुद्दा घाला आणि मॉडेल, आवृत्ती व तारीख लिहिलेली चिठ्ठी यंत्रावर चिकटवा. ग्राहकांनीही पुढच्या बिलाचे पैसे देण्याआधी ती चिठ्ठी बघायला मागावी.

– नेटवर्क दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर