विषय: बिघाड थ्रॉटल सेन्सरमध्ये आहे, माझ्या हातात नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवून दहा मिनिटं झाली. आधी चहा घ्या, मग लिहा, असं घरातून सांगण्यात आलं होतं. चहा निवला, मी नाही.

इंग्रजीत दोन ईमेल पाठवले, दोन्हींना अक्षरशः एकच उत्तर आलं. तक्रारीच्या फॉर्मवर मराठी निवडायची सोय दिसली. तेव्हा मराठी वाचणारं कोणीतरी तिकडे बसत असेल असं धरून चालतो.

मोटरसायकल मार्च २०२५ ची, चौदा हजार किलोमीटर झालेली. दांडिया बाजारातून नंदेसरीला कामावर जायचं आणि परत यायचं, एवढाच तिचा उद्योग. गेले तीन महिने चौथ्या गिअरमध्ये, ताशी ४०-४५ ला मूठ स्थिर धरली की मागून कोणी कॅरियर धरून ओढावं तशी गाडी झटके खाते. मूठ वाढवली की सुरळीत, सोडली की सुरळीत. दुखणं त्या एकाच जागी. छाणी जकात नाका ओलांडल्यावर मागे ट्रक असताना असा झटका कसा लागतो, ते तुमच्यापैकी कोणी एकदा अनुभवून बघावं.

पहिल्या खेपेला सर्व्हिस सेंटरने पेट्रोलला दोष दिला. ‘काका, आता वीस टक्के इथेनॉल येतं ना.’ कार्बन क्लीनिंग केलं, पैसे घेतले, झटके तसेच. मग म्हणाले, पुराचं पाणी गेलं असेल. विश्वामित्रीचा पूर ऑगस्ट २०२४ चा. गाडी मार्च २०२५ ची. बडोद्यात पुराला बरंच काही माफ असतं, पण सात महिने उशिरा आलेल्या गाडीत पाणी शिरल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस आहे. तीस वर्षं केमिकल कारखान्यांत ट्रान्समीटरचे, म्हणजे माप घेऊन कळवणाऱ्या यंत्रांचे, झिरो आणि स्पॅन (मापाची सुरुवात आणि पल्ला) लावतोय. म्हणून एका रविवारी घरीच तपासलं. संशय थ्रॉटल सेन्सरवर होता, मूठ किती उघडली ते व्होल्टमध्ये इंजिनला कळवतो तो. आधी त्याचा फोटो काढला: दोन्ही स्क्रूंवर कारखान्याच्या सीलचा पिवळा ठिपका, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा सेन्सरच्या अंगावर, अखंड. मग शिवणाच्या डब्यातली टाचणी कनेक्टरच्या मागून सिग्नलच्या वायरीला लावली. वायर सोलली नाही, स्क्रूला हात लावला नाही. इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि मीटर मुद्दाम काट्याचा, कारण डिजिटल मीटर आकडा बदलेपर्यंत गडबड होऊन गेलेली असते. मूठ बंद असताना ०.५ व्होल्ट. अगदी हळू उघडत नेली. काटा शहाण्यासारखा ०.९ पर्यंत चढला, तिथे एकदम ०.४ वर पडला आणि उडी मारून पुन्हा वर गेला. वीस वेळा केलं, वीसही वेळा तिथेच. सेन्सरच्या आतला ट्रॅक, म्हणजे ज्या पट्टीवरून त्याचा संपर्क सरकतो ती, त्या जागी गेलाय. मूठ दिवसभर जिथे असते, नेमक्या तिथे. हे मी तुम्हाला शिकवायला नको.

हे सगळं कागदावर लिहून दुसऱ्या खेपेला दिलं. कागद ट्रेमध्ये गेला आणि संध्याकाळी गाडी ‘अ‍ॅडजस्ट करून’ हातात आली. अ‍ॅडजस्ट म्हणजे काय, तर स्क्रू सैल करून सेन्सर थोडा फिरवला. अहो, सेन्सर फिरवून ट्रॅकमधला खड्डा बुजतो का? खड्डा तिथेच राहतो, फक्त मूठ त्याच्यावर आधी येते. आता झटके ४० ऐवजी ३० ला बसतात. शिवाय मूठ पूर्ण बंद असताना ०.७२ व्होल्ट जातात. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं थ्रॉटल थोडा उघडाच आहे, त्यामुळे मूठ सोडून उभी असताना गाडी आयडलला टिकत नाही. आधी फक्त झटके होते, आता काळा घोड्याच्या सिग्नलला ती बंदही पडते. प्रगती आहे.

आता आजचा फोन. तिकडचा माणूस म्हणाला, ‘सर, एरर कोड नाही, म्हणजे गाडी ओके आहे.’

मी म्हटलं, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तर कोड येईल. इथे ते मर्यादेच्या आतच कोसळतंय, कोड कुठून येणार?

‘सर, कोड नाही म्हणजे गाडी ओके आहे.’

मग झटके कशाचे?

थोडा वेळ शांतता. मग, ‘सर, आपलं वय काय?’

मला वाटलं फॉर्म भरतोय. म्हटलं, ५८. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. आणि अतिशय नम्रपणे, हे मुद्दाम लिहितो, अतिशय नम्रपणे तो म्हणाला, ‘सर, काही सीनियर ग्राहकांना थ्रॉटल स्थिर धरता येत नाही.’

याच हातांनी मी आज सकाळी पंधरा फुटांच्या शिडीवर उभा राहून बारक्या स्क्रूड्रायव्हरने झिरो लावून आलोय. माझा २६ वर्षांचा मुलगा गाडी सुभानपुऱ्यापर्यंत फिरवून आला, त्यालाही तेच झटके लागले. त्याचंही वय टिपून घ्या.

पुढे विचारलं, ‘सर, तुम्ही मीटर लावला होता का?’ मी खोटं बोलत नाही, हो म्हटलं. सात मिनिटं होल्डवर. परत येऊन सांगतो, स्क्रूवरचं सील तुटलेलं आहे, ग्राहकाने छेडछाड केली, वॉरंटी लागू नाही. सेन्सर सुटा मिळत नाही, सबंध थ्रॉटल बॉडी घ्या, साडेनऊ हजार अधिक मजुरी. म्हणजे ठिपका मोडला तुमच्या मेकॅनिकने आणि दंड भरायचा मी! पुन्हा सांगतो, माझ्या फोटोत ठिपका अखंड आहे, फोटोवर तारीख आहे, आणि ती तुमच्या जॉब कार्डच्या पाच दिवस आधीची आहे. दुसरा फोटो गाडी परत आल्यावरचा: अर्धा ठिपका इकडे, अर्धा तिकडे.

याच कंपनीची माझी पहिली गाडी कार्ब्युरेटरची होती. आयडल बिघडला तर कानाने ऐकून पाव आटा फिरवायचो. एकवीस वर्षं चालवली आणि विकताना वाईट वाटलं. म्हणून दुसरीही तुमचीच घेतली. मुलगा दुसऱ्या कंपनीची घ्या म्हणत होता. आता तो काही बोलत नाही, ते जास्त लागतं.

माझं मागणं साधं आहे. थ्रॉटल बॉडी वॉरंटीत बदलून द्या, कार्बन क्लीनिंगचे पैसे परत करा, आणि तुमच्या रेकॉर्डमधून ‘छेडछाड’ हा शब्द काढा. पंधरा दिवस देतो. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच, म्हणजे बडोद्यात, दावा लावता येतो आणि पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही. मीटर घेऊन येईन. काटा सगळ्यांना दिसेल असा मोठा आहे.

आपला ग्राहक
दांडिया बाजार, बडोदा

(नाव आणि गाडी क्रमांक फॉर्ममध्ये भरले आहेत. दोन्ही फोटो जोडले आहेत.)

ता. क. जॉब कार्डवर ‘कारण: रायडिंग हॅबिट’ असा शेरा आहे आणि खाली माझी सही. सही सकाळी गाडी सोडतानाची आहे, तेव्हा ती जागा कोरी होती. शाईचा रंगही वेगळा आहे, बघून घ्या.