भाकरीची पावती मागणाऱ्या सरकारला: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: निवारा केंद्राचे बिल व एक पातेले परत मिळणेबाबत.

महोदय,

सविनय पत्र लिहिण्यास कारण की, मी कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात राहते आणि गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. यंदा खालच्या आळीत पाणी शिरलं तेव्हा माळावरच्या आमच्या शाळेत सहा दिवस निवारा केंद्र होतं. २१२ माणसं होती. त्यांचं दोन्ही वेळचं जेवण आमच्या बचत गटातल्या नऊ बायकांनी रांधलं. आम्हाला कुणी हुकूम दिला नव्हता. शाळेची चावी माझ्याकडं असते, आणि पाणी आलं की लोक चावीवाल्याच्या दारात येतात, एवढंच.

त्याबद्दल परवा मला शासनाचे दोन कागद एकाच दिवशी मिळाले. पहिला जाड, चकचकीत, लॅमिनेशन केलेला. वर सोनेरी अक्षरांत 'पूरयोद्धा' आणि खाली माझ्या नावाच्या जागी भलतंच नाव, त्याच्या आधी 'श्री.'. दुसरा कागद साधा, पातळ. आमचं १८,६४० रुपयांचं बिल सहा त्रुटी काढून परत पाठवलंय. दोन्ही कागद मी देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवलेत. आल्या-गेल्याला दाखवते.

त्रुटी क्रमांक एक: जळणाच्या पावतीवर जीएसटी क्रमांक नाही. जळण म्हणजे बाभळीची लाकडं, साहेब. दुसऱ्या दिवशी गॅस संपला, रस्ता पाण्याखाली, म्हणून एका म्हाताऱ्यानं परड्यातला ढीग काढून दिला. त्याला आम्ही आठशे रुपये दिले ते त्यानं मागितले म्हणून नाही, त्याच्या घरची चूल पुढं कशावर पेटणार म्हणून. आता त्याच्याकडून जीएसटीची पावती आणायला मी जाते, पण तो मला त्याच लाकडानं हाणील.

त्रुटी क्रमांक दोन: ३७ लाभार्थ्यांचे आधार क्रमांक नाहीत. खरंय. आधार कार्डं कपाटात होती, कपाट घरात आणि घर पाण्यात.

चौथी त्रुटी वाचून मात्र मला रात्रभर झोप लागली नाही. 'भाकरींची संख्या लाभार्थी संख्येशी जुळत नाही.' म्हणजे तुमच्या कुणीतरी बसून हिशेब केला. २१२ माणसं, दोन वेळा, माणशी दोन भाकरी, सहा दिवस: ५,०८८. आमच्या वहीत पाच हजार सहाशेच्या वर गेल्यात. वरच्या पाचशे भाकरी कुणी खाल्ल्या?

सांगते. बोटीवरची पोरं खाऊन गेली, त्यांची नावं तुमच्या यादीत नाहीत. बंदोबस्ताचे पोलीस जेवले. ज्यांनी लाभार्थी यादी केली तेही जेवले, खर्डा झणझणीत झालाय म्हणाले आणि घरी न्यायला चार बांधून मागितल्या. दिल्या आम्ही. आणि रोज तीन भाकरी एका म्हशीला गेल्या. म्हस गाभण होती, तिला माळावर बांधलेली, वैरण भिजून कुजलेली. मालक भाकरी कमरेला बांधून अंधारात तिच्याकडं जायचा. आम्ही त्याला अडवलं नाही. त्याला अडवलं असतं तर तो केंद्रावर थांबलाच नसता, म्हशीजवळ जाऊन बसला असता, आणि मग तुमची बोट त्याला शोधत फिरली असती. पूरपट्ट्यातली माणसं घर सोडत नाहीत म्हणून दरवर्षी टीव्हीवर आम्हाला अडाणी ठरवतात. माणूस घराला धरून बसत नाही हो, गोठ्याला धरून बसतो. चाऱ्याची आणि जनावरांची सोय आधी करा, माणसं आपल्या पायानं चालत येतील. ही अक्कल मंत्रालयात फुकट पाठवतेय, हिची पावती मागू नका.

हिशेबात आमचीही एक चूक आहे, तीही कबूल करते. काही भाकरी कमी धरायला हव्या होत्या. एक आजी होती, ऐंशीच्या पुढची. पहिल्या दिवसापासून ताट जवळजवळ तसंच परत यायचं. 'भूक न्हाई बाय' म्हणायची. मला वाटलं घराचा घोर लागलाय. तिसऱ्या रात्री शेजारी बसले, भाकरी दुधात कुस्करून दिली, तर माझा हात धरून हळूच म्हणाली, 'खाल्लं की जावं लागतं. अंधारात कुठं जाऊ?' पाणीसुद्धा सोडलं होतं तिनं. चौथ्या दिवशी भोवळ येऊन पडली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून सलाईन लावायला न्यावं लागलं.

शाळेत चार संडास. एकाला दार नाही, एक तुंबलेला. राहिले दोन. वयात आलेल्या पोरी, एक सात महिन्यांची गरोदर, सगळ्या पहाटे चारला उठून रांग लावायच्या. माझी मुलगी पुण्याला शिकते, तिनं फोनवर मला वाचून दाखवलं की २०१६ सालीच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं निवारा केंद्रांसाठी किमान निकष काढलेत. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. तीस माणसांमागं एक संडास, तोही पन्नास मीटरच्या आत. माणशी रोज तीन लिटर पिण्याचं पाणी. मोठ्या माणसाच्या पोटात २,४०० कॅलरी जायला पाहिजेत. मी ऐकताना हसत होते. २१२ माणसांना सात-आठ संडास झाले की हो! पन्नास मीटरचा निकष तेवढा आम्ही पाळला, कारण त्याच्या पुढं पाणीच होतं. २,४०० कॅलरी मोजायला यंत्र नव्हतं, पण ती आजी किती खायची ते मी सांगू शकते. तिच्या वाटच्या दहा-बारा भाकरी वजा करून घ्या.

तुमच्या सहा त्रुटींत संडासाची त्रुटी कुठंच नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

तसं हे पहिल्यांदा नाही. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०२१ ला तर ती ५६ फूट ओलांडून गेली. त्या वर्षी आमच्या शाळेत एक मोठे पाहुणे आले होते. नाव लिहीत नाही. तेव्हाचा पक्ष आणि आताचा पक्ष यांतही गोंधळ व्हायचा. बूट काढून सतरंजीवर बसले, माझ्या हातचं पिठलं खाल्लं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'वहिनी, पुढच्या पावसाच्या आत इथं पक्कं निवारा केंद्र उभं राहील. संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर, सगळं.' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पुढचे पाऊस किती झाले ते तुम्हीच मोजा. जागेवर एक फलक आलाय. फलकावर फोटो आहे. फोटोही आता उन्हानं पांढरा पडलाय.

आता माझं सांगते. विषयात नाही, पण सांगते.

२०१९ ला शाळेत चारशेच्या वर माणसं होती. मी आठ दिवस चुलवणापासून हलले नाही. माझं घर खालच्या आळीत, भेंड्यांचं म्हणजे कच्च्या मातीच्या विटांचं, सासऱ्यांनी बांधलेलं. सहाव्या दिवशी मागची भिंत बसली, ते मला बोटीवरच्या पोरानं येऊन सांगितलं. मी भात उतरवत होते. भात उतरवला, मग रडले. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मी शाळेतच होते, अजून साठ-सत्तर जण जेवत होते. माझ्या घराच्या नोंदीत लिहिलं गेलं, 'घरमालक हजर नाहीत.' नंतर पडक्या घराची मदत मागायला किती खेपा घातल्या ते विचारू नका. पाच हजार रोख आणि राहिलेले पाच खात्यात, एवढंच सानुग्रह अनुदान हाती आलं. घरमालक हजर नव्हते, बरोबर आहे. घरमालक तुमच्याच केंद्रात तुमच्याच पंचनामेवाल्यांना चहा देत होते!

भिंत आम्ही पत्र्याची केली. आजही पत्र्याचीच आहे. पाऊस पडला की त्या पत्र्याचा आवाज ऐकत मी जागी असते. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही भाकऱ्या मोजल्यात.

पाचवी त्रुटी मजुरीची. 'सेवा स्वयंसेवी स्वरूपाची असल्याने मानधन अनुज्ञेय नाही.' अनुज्ञेय म्हणजे काय ते मुलीला विचारलं. आम्ही मजुरी मागितलीच नव्हती, साहेब! बिलात आहे तो किराणा, दळण, गॅस आणि जळण. न मागितलेली गोष्ट नाकारून तुम्ही ती आम्हाला सुचवलीत, तर आता हिशेब करूनच टाकू. मला शाळेत महिन्याला २,५०० रुपये मिळतात. दिवसाला ८३ पडतात. रोजगार हमीवर खड्डा खणणाऱ्याला तीनशेच्या वर. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, नाही कशाला म्हणू, त्या महिन्याचे सगळे दीड हजार मी तुमच्या निवारा केंद्राच्या तेलात घातले. म्हणजे तुमचेच पैसे तुमच्याच केंद्राला. तुम्ही भाऊ, मी बहीण, आणि मध्ये तो किराणा दुकानदार उधारी धरून बसलाय. बोलत काही नाही बिचारा, पण मी दुकानासमोरून निघाले की वही उघडून ठेवतो.

सांगलीकडं ब्रह्मनाळला २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरातून माणसं काढणारी बोट उलटली तेव्हा आमच्या चुलीपाशी बसलेल्या एका बाईचं माहेर तिकडचं होतं. तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. बोट गावची होती, माणसं जास्त बसली असं म्हणाले. जास्त का बसली? दुसरी बोट नव्हती म्हणून. हेही स्वयंसेवीच. आणि त्याच दिवसांत शासनाचा कागद निघाला होता, की घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. पाण्यानं घड्याळ बघून शिरायचं!

त्यानंतर पूर का आला ते बघायला वडनेरे समिती बसली, २०२० ला अहवाल आला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर आला नाही म्हणाले, नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. बरं. मग अतिक्रमणं निघाली का? पुराची निळी रेषा, लाल रेषा नकाशावर झकास आहेत, रेषेच्या आत मजले चढतच चाललेत. इकडं तुम्ही म्हणता अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करू देणार नाही, तिकडं कर्नाटकवाले म्हणतात करणारच. मधल्या मध्ये आम्ही. आमच्यात कर्नाटकातल्या शेडबाळ-अथणीकडच्या लेकी सुना होऊन आल्यात, त्यांनी कुणाच्या बाजूनं भांडायचं? पूर नियंत्रणाला जागतिक बँकेचे पैसे येणार, बत्तीसशे कोटी की काय ते पेपरात वाचलं. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला तर ८६ हजार कोटी. आमच्या जिल्ह्यानं नको म्हणून घसा कोरडा केला, तरी तो पाहिजेच म्हणता. त्याचा भराव उद्या नदीला आडवा पडला की पाणी अजून दोन फूट वर, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. माझा हिशेब कच्चा असेल, शून्यं चुकत असतील. पण ८६ हजार कोटींत एका संडासाचं दार बसत नाही म्हणजे कुणाचा तरी हिशेब माझ्याहून कच्चा आहे. तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलंत, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. आमचंही बदलून 'पूरयोद्धा' केलंत. नावं बदलायचा खर्च कमी येत असावा.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला गेलं की आपोआप उघडतात. कुणाची सही लागत नाही, त्रुटी निघत नाहीत. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण आहे ते. तुमच्या खात्याला असला एखादा दरवाजा बसवता आला तर बघा.

मुलगी म्हणतेय, आई, पत्र फार लांबलं, मागण्या लिही. मागण्या थोड्याच आहेत. १८,६४० रुपये दुकानदाराला आणि गिरणीवाल्याला थेट द्या, माझ्या हातात नकोत. शाळेचे चारही संडास येत्या मे महिन्याच्या आत दुरुस्त करा, निवारा केंद्राचा महाल नंतर बांधा. जनावरांची जागा पाणी यायच्या आधी ठरवा आणि ती गावाला सांगा.

आणि पातेलं. पाचव्या दिवशी तुमची माणसं आमच्या बचत गटाचं मोठं पातेलं दुसऱ्या केंद्राला पाहिजे म्हणून ट्रॉलीत घालून घेऊन गेली. 'उद्या आणून देतो' म्हणाली. पावती दिली नाही, आम्हीही मागितली नाही. दीडशे माणसांची आमटी होते त्यात. गटाच्या पहिल्या कर्जातून घेतलेलं आहे, लग्नकार्याला तीनशे रुपये भाड्यानं जातं, त्यावरच गटाचा हप्ता फिटतो. कडेला गटाचं नाव कोरलंय, एका कानाला टाका मारलेला आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू होतील. पातेलं त्याच्या आधी पाठवा.

आपली,
शिरोळ तालुक्यातली एक पोषण आहार स्वयंपाकीण

ता.क. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमच्या प्रमाणपत्रावर जे 'श्री.' आहेत, ते कुठल्या गावचे ते कळवा. त्यांचं प्रमाणपत्र माझ्याकडं आहे, घेऊन जायला सांगा.