पासष्टीच्या आधीची माणसं

मा. संपादक, स.न.वि.वि.

ओबामाकेअर म्हणजे अमेरिकेतल्या आरोग्य विम्याच्या कायद्यावरून वॉशिंग्टनमध्ये जे चाललंय त्याच्या बातम्या तुम्ही देता, पण त्यात कोण जिंकलं कोण हरलं एवढंच असतं म्हणून हे लिहितेय. मी अमेरिकेत राहते, वय ६२, ह्यांचं ६३, दोघांचीही नोकरी संपलेली, म्हणजे कंपनीचा इन्शुरन्स नाही आणि मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी ६५ पूर्ण व्हायला लागतात. मधली दोन-तीन वर्षं काढायची कशी?

हा कायदाच वाईट असं मी कधी म्हणणार नाही. ह्यांना डायबेटिस आहे, २०१४ च्या आधी असं काही असलं की स्वतः पॉलिसी घ्यायला गेलेल्या माणसाला कंपन्या सरळ नाही म्हणू शकायच्या, आता तसं करता येत नाही. पण त्याच कायद्यात वयस्कर माणसाला तरुणाच्या तिपटीपर्यंत प्रीमियम लावायची मुभा आहे. २०२१ ते २०२५ ते जाणवलं नाही, कारण ठरलेल्या प्लॅनसाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत आपण भरायचं, त्यावरची रक्कम सरकार सबसिडी म्हणून भरणार अशी सोय होती. २०२५ संपलं आणि ती सोयही संपली. २०२६ साठी आमच्यासारख्या दोघांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या एक डॉलर जरी वर गेलं तरी सबसिडी शून्य, थोडी कमी वगैरे नाही, शून्यच. हे एका कॉलेजात संध्याकाळचा क्लास घेणार होते, हिशोब करून बघितला आणि जमणार नाही म्हणून कळवलं. काम करायची इच्छा असलेल्या माणसाला घरी बसवणारा हा कसला नियम, मला खरंच कळत नाही.

ह्यावरूनच २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात खर्चाची मंजुरी अडली आणि ४३ दिवस सरकारी कामकाज बंद होतं. मग डिसेंबरात सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सचं ह्या सबसिडीला तीन वर्षांची मुदतवाढ द्यायचं बिल पडलं आणि रिपब्लिकनांचं हेल्थ सेव्हिंग अकाउंटचंही, म्हणजे औषधपाण्याच्या खर्चासाठीच्या खात्यात पैसे टाकायचं बिलही पडलं. शंभर जणांच्या सिनेटमध्ये बिल पुढे न्यायला बहुतेक वेळा ६० मतं लागतात, ती दोघांकडेही नव्हती. रिपब्लिकन म्हणतात की सबसिडी शेवटी इन्शुरन्स कंपन्यांकडेच जाते, आणि ते खोटं नाही, मलाही पटतं. पण त्यांच्या बिलात आमच्या वयाच्या माणसाच्या खात्यात वर्षाला १,५०० डॉलर टाकणार होते, एकदा अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर त्यात काय होणार सांगा.

मला वाटतं पुढचं पाऊल मेडिकेअरचं वय खाली आणायचं असावं. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही, डिसेंबर २००९ मध्ये ५५ च्या पुढच्यांना पैसे भरून मेडिकेअर घेऊ द्यायचं असं सिनेटमध्ये जवळजवळ ठरलं होतं, जो लिबरमन ह्या सिनेटरनी विरोध केला आणि तेव्हाही प्रश्न ६० मतांचाच होता म्हणून ते काढून टाकलं. त्यानंतर इतक्या निवडणुका झाल्या, पण ते काही पुढे गेलं नाही, भांडण कायम मुदतवाढ द्यायची की नाही ह्यावरच.

तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली तर आमचं दोघांचं भागेल, तोवर आम्ही ६५ चे होऊ. पण माझी धाकटी बहीणही इथेच आहे, तीसुद्धा स्वतःच पॉलिसी घेते, ती ५७ ची आहे. तीन वर्षांनी ती साठीची होईल आणि तिच्यासाठी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आपली एक वाचक