नावं न ठाऊक असलेल्या माणसांचे आभार

आमचा थोरला ४ वर्षं पुण्यात, सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करत होता. दोनदा प्रीलिम निघाली, मेन्स नाही. फोन आला की आम्ही एकच विचारायचो, "निकाल कधी?" चूक आमचीच.

मेसवाल्या काकू, दोन महिन्यांचे पैसे थकले तरी तुम्ही त्याचा डबा बंद केला नाहीत. अभ्यासिकेतले नांदेडचे दादा, तुम्ही त्याला म्हणालात, "खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे म्हणून ३८ पर्यंत बसायचंच असं नाही." हेच मी बोललो असतो तर त्याने फोन आपटला असता! आणि आयटीआयचे सर, पदवीधर पोरगं इलेक्ट्रिशियनच्या २ वर्षांच्या ट्रेडला आलंय म्हणून तुम्ही हसला नाहीत. पहिल्याच दिवशी हातात टेस्टर दिलात.

आता तो अ‍ॅप्रेंटिस आहे. परवा स्टायपेंडमधून खोलीचं भाडं स्वतः भरलं आणि पावतीचा फोटो मला पाठवला. पावती धरलेल्या अंगठ्याला इन्सुलेशन टेपचा काळा चिकटा तसाच होता.

तुमची नावं विचारली, तर त्यालाही धड सांगता येईनात. काकू, थकलेले पैसे दिवाळीआधी पोचतील.