फ्लूचा आकडा छेदाशिवाय छापू नका

मा. संपादक,
स. न.

फ्लूच्या बातम्यांत रुग्णालयात दाखल झालेल्यांचे आकडे येतात. पण माणूस दाखल होईपर्यंत साथ वस्तीत बरीच पसरलेली असते. अंगात कणकण आली की बहुतेक लोक आधी फॅमिली डॉक्टरकडे जातात, म्हणून चाहूल तिथेच लागते. फ्रान्समध्ये असे रुग्ण मोजून कळवणाऱ्या डॉक्टरांचे जाळे १९८४ पासून काम करत आहे. सगळ्याच दवाखान्यांनी मोजणी करावी लागत नाही. सर्व वयोगटांचे आणि भागांचे रुग्ण येतील असे मोजके दवाखाने पुरतात, पण त्यांनी वर्षभर, दर आठवड्याला न चुकता कळवले पाहिजे.

कोणाला मोजायचे, याची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या अशी: थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या दहा दिवसांतला. नुसते पडसे यात बसत नाही. वृद्धांना फ्लू होऊनही कधी ताप चढत नाही, ते यातून निसटतात. तरीही हंगामाच्या मध्येच व्याख्या सैल करू नये, नाहीतर मागच्या आठवड्यांशी तुलना करता येत नाही.

सर्वांत जास्त विसरला जातो तो छेद, म्हणजे रुग्ण एकूण किती लोकांपैकी आहेत ती संख्या. ‘तीस रुग्ण’ या आकड्यातून काहीच कळत नाही. समजा, जाळ्यातल्या दवाखान्यांकडे दहा हजार लोक नोंदलेले आहेत. मग व्याख्येत बसणारे तीस रुग्ण म्हणजे लाखामागे ३००. तपासलेल्या स्वॅबपैकी (नाका-घशातून काडीने घेतलेल्या नमुन्यांपैकी) ४० टक्क्यांत फ्लू निघाला, तर फ्लूचा अंदाज लाखामागे १२०. जिथे रुग्ण एकाच डॉक्टरकडे नोंदलेले नसतात तिथे त्या आठवड्यात तपासलेले एकूण रुग्ण हा छेद धरावा. एकही रुग्ण नसेल तर ‘शून्य’ असे लिहूनच कळवावे. कोरा रकाना आणि शून्य एक नव्हे. सुट्टीच्या आठवड्यात दवाखाने बंद राहून आलेख खाली येतो, त्याला साथ ओसरली असे म्हणू नये.

स्वॅब कोणाचा घ्यायचा हे नियमाने ठरावे, उदाहरणार्थ आठवड्यात व्याख्येत बसणारे पहिले दोन रुग्ण. डॉक्टर जास्त आजारी दिसणाऱ्यालाच निवडू लागले की टक्केवारी फुगते. नमुना शक्यतो आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत घ्यावा. काडीचे टोक आणि दांडी दोन्ही सिंथेटिक हवीत, कारण लाकडी दांडी पीसीआर चाचणीत (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) अडथळा आणू शकते. काडी विषाणू-वाहक द्रवाच्या नळीत टाकून २ ते ८ अंशांवर ठेवावी आणि ७२ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांची सोय लागते. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला नमुना वाया जातो असे समजा. पीसीआरमध्ये तो कदाचित पॉझिटिव्ह येईलही, पण विषाणू मेलेला असला तर वाढवून तपासता येत नाही. लसीत कोणते विषाणू घ्यायचे याची शिफारस दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी होते, आणि तिला असे जिवंत विषाणू लागतात.

आणखी एक. स्वॅबचा निकाल त्याच डॉक्टरकडे लवकर परत गेला पाहिजे. तो आला नाही की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून नमुने येणे थांबते. आपल्या दैनिकाने साप्ताहिक आकडे छापताना त्या आठवड्यात किती दवाखान्यांनी कळवले आणि किती स्वॅब तपासले, हे दोन रकाने जरूर द्यावेत.

आपले,
साथसर्वेक्षणात काम करणारे काही वाचक